ठकीचं पहिलं उद्दिष्ट

“बाकी काही नको, ताई. तिनं मला एकदा आई म्हणावं,” ठकीची आई म्हणाली आणि तिनं रुमालाची घडी मोडून पुन्हा घातली.

बैठक ठकीसाठी होती. येत्या सत्रात तिला काय शिकवायचं आणि कसं, हे शाळेनं आणि पालकांनी मिळून ठरवायचं होतं. टेबलाच्या टोकाला मुख्याध्यापिका, त्यांच्या शेजारी समुपदेशक, पालकांसमोर विशेष शिक्षिका. मुलं तिला ताई म्हणत, म्हणून पालकही ताईच म्हणत. ठकी पलीकडच्या खोलीत मणी ओवत बसली होती. दाराच्या काचेतून तिची इवलीशी, ताठ पाठ दिसत होती.

“हाकेला ओ देत नाही, ते अजून तसंच?” मुख्याध्यापिकांनी विचारलं.

“तसंच. ठकी, ठकी करून घसा बसतो,” वडील म्हणाले. “कान तपासून आणले. कान उत्तम! बिस्किटाचा पुडा फोडला की वरच्या खोलीत ऐकू जातं.”

“आमचे चिरंजीव सोळा वर्षांचे आहेत,” समुपदेशक म्हणाले. “त्यांनाही तेवढंच ऐकू येतं.”

सगळे हसले. ठकीची आईही हसली, डोळे टिपता टिपता.

ताईला ही बाई आवडायची. कधी उशीर नाही, कधी कुरकुर नाही. ठकीचा भांग तर असा काढलेला असायचा, की जणू पट्टी ठेवून रेघ मारलीय. एकुलती एक लेक, तीही अशी. तरी हिच्या तोंडी त्रागा म्हणून नाही.

“आणि ते वाक्य?” ताईनं विचारलं.

“रोज. माझ्या मांडीपाशी बसलेली असते आणि म्हणते, ‘मला घरी जायचंय.’ अगं, घरीच आहेस ना बाळा, म्हणत मी तिला खोल्याखोल्यांतून फिरवते. ही बघ तुझी खाट, ही तुझी बाहुली. पण तिचं आपलं तेच.”

“काही मुलं एखादं वाक्य धरून बसतात. त्याला दर वेळी अर्थ असतोच असं नाही.”

“पाठ झालेलं वाक्य. माहीत आहे मला.”

“बराच अभ्यास केलाय तुम्ही.”

“करावा लागतो, ताई. आईपण कुणाला आयतं मिळतं?”

ताईला एकदम आठवलं. “अहो, काल मणी ओवताना ती चक्क गुणगुणत होती!” आणि तिनं हलक्या आवाजात म्हणून दाखवलं:

*अंगणी माझ्या गं, चांदणं सांडलं,*
*मायेनं वेचून, उशाशी मांडलं…*

काचेपलीकडे ठकीचे हात थांबले.

“किती गोड आहे! तुमचीच अंगाई ना? पुढं काय हो?”

ठकीच्या आईचे ओठ हलले, मिटले. मग ती हळूच म्हणाली, “पुढचं म्हणायची वेळच येत नाही. तेवढ्यात झोपते ती.”

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून पुसला.

“मग आपण असं करू,” ताई म्हणाली. “फोटोंची कार्डं करू. एक आईचं, एक बाबांचं. रोज दाखवायची आणि शब्द द्यायचा. तिचा तान्हेपणीचा फोटो असला तर फारच छान. आईच्या कुशीतला.”

“घर बदलताना फोटोंची पेटीच गहाळ झाली,” वडील म्हणाले. “आणि असती तरी मी कुठल्याच फोटोत नसतो. कायम कॅमेऱ्यामागं! हमाल कुठे फोटोत दिसतो का?”

पुन्हा हशा झाला. मग मुख्याध्यापिकांनी पहिलं उद्दिष्ट वाचून दाखवलं: सत्र संपेपर्यंत ठकी आईला पाहून ‘आई’ म्हणेल आणि तिचा हात धरेल. सगळ्यांनी माना डोलावल्या.

“आजच सुरुवात करू या का?” ताई म्हणाली. तिनं आईचा फोटो मागून घेतला आणि ठकीला आत आणलं.

ठकी टेबलापासून दूर, भिंतीला टेकून उभी राहिली. ताई तिच्यासमोर उकिडवी बसली.

“ही कोण, ठकी?”

ठकीनं फोटो पाहिला. मग पुढं वाकून, ताईच्या कानाशी, एखादं गुपित सांगावं तसं ती म्हणाली, “ही माझी आई नाहीये.”

ताईला तिचं प्रशिक्षण आठवलं. वाद घालायचा नाही, रागवायचं नाही, बरोबर शब्द पुन्हा द्यायचा. “आई,” ती मायेनं म्हणाली. “ही आई.”

“नाही.”

“आई.”

ठकीनं मान वर केली. नजरेला नजर न देणारी ही मुलगी, पण आज ती ताईच्या डोळ्यांत बघत राहिली. कुणीतरी खोल विहिरीच्या तळातून वर बघावं, तशी. ताईच्या अंगावर सरसरून काटा आला. आनंदाचाच असणार, तिला वाटलं. ती हसली आणि तिनं मान हलवली. म्हण, म्हण ना.

ठकीचे खांदे सैल पडले.

“आई,” ती म्हणाली.

खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. समुपदेशकांनी तर टेबलच बडवलं. ठकीच्या आईनं तिला छातीशी घट्ट धरलं आणि ठकीनं, पहिल्यांदाच, अंग चोरलं नाही. ताईचे डोळे भरून आले. फाटकापर्यंत पोचवायला ती स्वतः गेली आणि गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत हात हलवत राहिली.

गाडीत मागच्या सीटवर ठकी खिडकीकडे तोंड करून बसली होती. त्यानं आरशातून एकदा तिच्याकडे पाहिलं आणि शेजारी बसलेल्या बायकोचा हात थोपटला.

“आधीच्या ठकीपेक्षा ही लवकर म्हणाली.”