खांदेमळणी

चौकातल्या फायबरच्या बैलावर एक मुलगी फुलं रंगवत होती. ती चहाला गेली, तसं मी त्याच्या खांद्याला हळद-तूप चोळलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळतातच. रंग ओला होता, हे तळहात निळा झाल्यावर कळलं.

"मुलाचा नंबर द्या, आजोबा." चौकातल्या वॉचमनने माझं मनगट धरलं. मुलाला कळलं तर माझं एकट्यानं बाहेर पडणं बंद होणार होतं.

मुलगी परतली. फिसकटलेली फुलं बघत राहिली. "टपरीवरून बघितलं मी. कानात काय सांगितलंत त्याच्या?"

"आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

"सोडा त्यांना," ती वॉचमनला म्हणाली. "आजोबा, मीही राबतेय की त्याच्याबरोबर. मला नाही आवतण?"

वॉचमनने हात सोडला. "रात्री त्याची राखण मीच करतो की," तो पुटपुटला.

बैलासकट तिघांचं जेवण सुनेला कसं सांगायचं, एवढीच काळजी उरली.