फ्लोरिडाचं ऊन

"मला नाही यायचं असल्या थिल्लर पिक्चरला," मार्लिस म्हणाली.

"मलाही नाही," बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. "सकाळी चर्चमध्ये बसायचं आणि दुपारी कॉलेजच्या पोरापोरींचा धिंगाणा बघायचा?"

मार्लिसला बाबांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण आई कसली ऐकतेय!

"वा रे वा! गेल्या वसंतातल्या सुट्टीत तू अभ्यास म्हणून कॉलेजात, बाबा ट्रॅक्टरच्या मेळ्याला ओमाहात, आणि मी इथे एकटी दारातला बर्फ उपसतेय! फ्लोरिडाचं ऊन पडद्यावर तरी बघू द्या की मला. ऑर्विल, ठेव तो पेपर आणि गाडी काढ."

अभ्यास कसला अन् कसलं काय! मार्लिस तेव्हा मैत्रिणींबरोबर फ्लोरिडातच, फोर्ट लॉडरडेलच्या समुद्रकिनारी वाळूत लोळत होती. त्याच वाळूत या पिक्चरवाल्यांचे कॅमेरे फिरत होते. आणि या बयेने मूर्खासारखा कॅमेऱ्याकडे बघून हातही हलवला होता. आईला कळलं तर कॉलेज बंद. मग बसा आत्याच्या दुकानात जन्मभर टोप्या विकत.

थिएटरात तिला बूड टेकवेना. पडद्यावर समुद्र आला की ती मान खाली घालायची. बाबाही सारखी चुळबूळ करत होते. बिचारे, जबरदस्तीने आलेले! शेवटी "लाह्या आणतो" म्हणून ते उठले.

"गर्दी असेल बाहेर," आई म्हणाली आणि पुन्हा पिक्चरमध्ये रमली.

तेवढ्यात गाणं सुरू झालं. अख्खा किनारा माणसांनी फुललेला. हाच तो दिवस! मार्लिसने डोळे गच्च मिटून घेतले.

शेजारी आईने एकदम श्वास ओढला. तिची बोटं मार्लिसच्या मनगटात रुतली.

संपलं सगळं. मार्लिसला रडूच फुटलं. "आई, चुकलं गं माझं. खोटं बोलले मी. वाट्टेल ती शिक्षा कर, पण कॉलेज नको ना बंद करूस."

आईची बोटं आणखीच रुतली.

मार्लिसने भीतभीत डोळे उघडले. आई तिच्याकडे बघतच नव्हती. समोर पडद्यावर कुणी एक बाई वाळूत पालथी पडली होती, आणि तिच्या उघड्या पाठीला तेल चोळत बाबा खदखदून हसत होते.