बाबूचं सामान

लीलानं तिसऱ्यांदा बॅग उपडी केली आणि पुन्हा भरायला घेतली. दुपटी, लंगोट, टोपडी, आठ महिन्यांच्या बाबूचा सगळा संसार. गुटी उगाळायची सहाण तिनं हळूच तळाशी सरकवली होती, ती सासऱ्यांनी, राजाभाऊंनी, पुन्हा बाहेर काढली. कराचीत दगड मिळत नाहीत काय, असं त्यांनी विचारलं.

कराचीहून तिच्या नवऱ्याचं, दत्तात्रेयाचं पत्र येऊन दोन महिने झाले होते. साहेबानं विमानात एका बाईची आणि मुलाची सोय केली होती. रत्नागिरीहून मुंबईपर्यंत बोट आणि तिथून पुढं विमान. तान्ह्या पोराला घेऊन तीन दिवस आगगाडीचे हाल नकोत. लग्नाला तीन वर्षं झाली, त्यातले जेमतेम चार महिने लीला नवऱ्याजवळ राहिली होती. आता मात्र ती जाणार होती, आणि बाबू तिच्या मांडीवर बसून जाणार होता. याहून जास्त तिला देवाकडं काही मागायचं नव्हतं.

विमानात म्हणे माणसालाही सामानासारखं तोलतात. म्हणून राजाभाऊंनी सुपारीच्या वखारीतला मोठा काटा पडवीत टांगला. फळीवर लीलाला बसवलं. गंमत म्हणून तिच्या विधवा नणंदेला, हेमावन्संनाही बसवलं. लीलाचं वजन वाटलं होतं त्याहून बरंच कमी भरलं. राजाभाऊंनी मान फिरवून मापं उतरवून घेतली. लीला मात्र खूश झाली. तेवढी चार दुपटी जास्त बसतील.

सासू ती सासूच, पण माईंनी या दोन महिन्यांत कहर केला होता. त्यांनी पोराचं अंगावरचं दूध तोडलं. विमानात परक्या पुरुषांच्या शेजारी बसायचं, तिथं पदराखाली घेणार आहेस काय त्याला, असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं लीलाला कोरफडीचा गर लावायला सुरुवात केली. रोज सकाळ-संध्याकाळ. कडू लागलं की पोर तोंड फिरवी आणि रडून घर डोक्यावर घेई. मग हेमावन्सं वाटी-चमचा घेऊन हजर. काळ्या गाईचं दूध, वर पाणी, वर खडीसाखर.

बाळंतपणानंतरची लीलाची कणकण जात नव्हती, म्हणून पत्र आलं त्याच आठवड्यात डॉक्टर येऊन गेले होते. अशक्तपणा आहे, विश्रांती घ्या म्हणाले. झालं, माईंना आयतंच कोलीत मिळालं. त्या दिवसापासून बाबूची झोळी हेमावन्संच्या खोलीत गेली. लीलानं त्याचा पापा घेतला तरी माई डोळे वटारीत. पोर हळूहळू हेमावन्संना बिलगायला लागलं. त्यांना मूलबाळ नव्हतं, नवरा वर्षभरात गेलेला. लीलाला सगळं कळत होतं. कळूनही बोलायची सोय नव्हती. राग गिळायचा आणि भांडी घासायची.

पण लीलाही काही दूधखुळी नव्हती. दुपारी जेवणं झाली की माई आडव्या होत आणि हेमावन्सं देवळात पुराणाला जात. तेवढा तास तिचा. न्हाणीत जाऊन ती शिकेकाईनं गर धुऊन काढी, झोळीतून बाबूला उचली आणि गोठ्यामागं माडाच्या सावलीत बसे. पोर दोन्ही मुठी आवळून पोटभर पिई. मग ती त्याचं तोंड ओल्या फडक्यानं पुसून त्याला होतं तसं झोळीत ठेवी. एक दिवससुद्धा चुकला नाही. दूध आटलं का, असं माईंनी मध्ये विचारलं तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, "आटलं." आणि मनात म्हणाली, घ्या, लावा कोरफड.

बोट दुसऱ्या दिवशी सकाळची होती. दुपारी लीलानं बाबूला नेहमीसारखं पाजलं, झोळीत ठेवलं आणि शेवटची नजर टाकावी म्हणून बॅग उघडली. तिची दोन्ही पातळं बॅगेत नव्हती. बाबूच्या कपड्यांखाली हेमावन्संची साधी पातळं घडी करून ठेवली होती.

ती तशीच माजघरात गेली. माई नुकत्याच उठून बसल्या होत्या, आणि पुराणाहून परतलेल्या हेमावन्सं दारात उभ्या होत्या.

"विमानात कोण जाणार आहे, माई?"

हेमावन्संनी तोंडाला पदर लावला आणि त्या मागच्या दारी निघून गेल्या.

"हेमा जाईल," माई म्हणाल्या.

इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं लीलाच्या तोंडून बाहेर पडलं. लेकीची ओटी भरायला माझं पोर चोरता, म्हणाली. दूध त्यासाठीच तोडलंत, झोळी त्यासाठीच हलवलीत, म्हणाली. तुमचं वाटोळं होईल, असंही म्हणाली. सासूला असं बोललेली या घरात ती पहिलीच. माईंनी सगळं ऐकून घेतलं.

"बस गो," त्या म्हणाल्या. "अशक्तपणा तुला सांगितला. आम्हाला डॉक्टरांनी अंगणात नेऊन खरं सांगितलं. तुला क्षय आहे. दोन्ही फुप्फुसं धरलीत. परवा तुला घाटावरच्या इस्पितळात न्यायचंय, दत्तू तिथं येतोय, तुला दाखल करून तो मागोमाग कराचीला जाईल. नाव ऐकून तू हाय खाशील, म्हणून सगळ्यांनी तोंडाला कुलूप घातलं."

लीला खाली बसली.

"आणि बाबू?"

माईंनी पदरानं डोळे टिपले. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

"तो सुटला गो. आईपासून तोडा, तरच पोर हाती लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. तू मला मनातून शिव्या दिल्या असशील, खुशाल दे. पण दोन महिन्यांत तुझ्या दुधाचा एक थेंब मी त्याच्या पोटात जाऊ दिला नाही."