भिंतीकडची बाजू

जीवरामनाना टेबलाच्या कडेवरून हात फिरवत निघाले आणि लोटन दोन पावलं मागे सरकला.

टेबल सुरेख झालं होतं, त्यात वाद नाही. वना सुताराने चांगलं सागवान वापरलं होतं, वर निळा रंग. पिंप्राळ्याच्या त्या खोलीत आजवर सगळे पेंटर जमिनीवर बसूनच कामं करायचे. लोटन दुकानांच्या पाट्या, मगन लग्नाचे पडदे, पुना सिनेमाचे बॅनर. नाना सगळंच करायचे, हात थरथरायला लागला नव्हता तोवर. अलीकडे एका कापडवाल्याने त्यांनी लिहिलेली पाटी परत आणून टाकली. लोटनने ती गुपचूप पुन्हा लिहिली.

तेव्हाच तिघांनी ठरवलं, की नानांनी आता घरी बसावं. ठरवलं खरं, पण सांगायचं कोणी? लोटनच्या हातात पहिला ब्रश नानांनीच दिलेला. मग लोटनने डोकं चालवलं. टेबल भिंतीला लावायचं, उरलेल्या तीन बाजूंना तिघांचे तीन खण करायचे. म्हातारा काय ते समजून घेईल, आपल्याला तोंड उघडायला नको. काय तर म्हणे, नानांना दुखवायचं नाही! नाना लेकीकडे अमळनेरला गेले, तेवढ्यात सगळं उरकलंसुद्धा.

आणि आज नाना येताना पिवळ्या रंगाचा नवा डबा घेऊन आले होते. टेबल होणार हे त्यांना ठाऊक होतं; पाटीच्या कोपऱ्यात पेंटर आपलं नाव टाकतो, तसं टेबलावरही प्रत्येकाने आपापल्या बाजूला टाकायचं, असं त्यांनी जातानाच सांगून ठेवलं होतं. तिघांनी टाकलंही होतं. नाना एकेक नाव वाचत, मान डोलवत चौथ्या बाजूला आले आणि थांबले.

"या बाजूले खण नही का रे?"

मगन खाली मान घालून ब्रश धुवायला लागला. पुनाला एकाएकी चहा सांगायची आठवण झाली.

"ती भितले लागनार शे, नाना," लोटन म्हणाला. बोलताना त्याने नानांकडे पाहिलं नाही.

नानांनी भिंतीकडे पाहिलं, मग त्या तीन खणांकडे. काय समजायचं ते समजले. लोटनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण नाना खाली बसले आणि त्यांनी डब्याचं झाकण काढलं.

"भितकडनी बाजू मले दे," ते म्हणाले. "हात हालना तरी कोणले दिसाव नही."

डाव्या हाताने उजवं मनगट धरून ते नाव लिहू लागले. 'जीव' कसंबसं जमलं, 'राम' खाली घसरलं. एकेकाळी लोटनचं मनगट त्यांनी असंच धरलं होतं. आता आपण धरावं, असं त्याच्या फार मनात आलं. हात पुढे गेलाही, पण कोणत्या तोंडाने धरणार? त्याने तो मागे घेतला.

ब्रश फडक्याला पुसून नाना उठले. टेबलाचा एक कोपरा त्यांनी स्वतःच धरला.

"चाल, लाव भितले."

"रंग वला शे, नाना," लोटन घाईघाईने म्हणाला. "राहू द्या."

नानांनी कोपरा सोडला, चपला घातल्या आणि ते गेले. डबा तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. टेबल खोलीच्या मधोमध अडत होतं, म्हणून मगन म्हणाला, चल, सरकवू भिंतीला. लोटनने वाकून त्या नावावर बोट फिरवलं. बोट कोरडंच होतं, ओल्या रंगाचा ठिपकाही लागला नव्हता.

"वला शे अजून," तो म्हणाला.

दिवाळी आली. येणारं-जाणारं गिऱ्हाईक टेबलाला अडखळायचं. मगन वैतागून पुन्हा म्हणाला, आता तरी सरकवू. लोटनने पुन्हा वाकून नावावर बोट टेकवलं.

"वला शे."