मायदेव बाईंचा नियम

शुक्रवारी मायदेव बाईंनी शाळेच्या वाचनालयात सहावीच्या मुलांना नेहमीचा नियम शिकवला. फोनवर घरच्या माणसाच्या आवाजात कुणी मदत मागितली, की आधी फोन ठेवायचा आणि दुसऱ्या कुणाकडून तरी खात्री करून घ्यायची. आता नंबर आणि आवाज, दोन्ही कुणालाही बनवता येत होते.

"बाई, आजीचा आवाज असला तरी?"

"मग तर नक्कीच. आजीला नाही म्हणवत नाही, हे चोरांनाही ठाऊक असतं."

मुलं हसली. बाईंना न्यायला आलेली त्यांची मुलगी ऋजुताही दारातच हसली.

सोमवारी ऋजुताला ऑफिसात आईचा फोन आला. "ऋजू, छातीत फार दुखतंय गं. घरी मी एकटीच आहे."

तिने फोन ठेवला आणि शेजारच्या काकूंना लावत राहिली. काकू बाजारातून परतल्या तेव्हा सगळं संपलं होतं.

पंधरवड्याने ती वाचनालयाच्या किल्ल्या परत द्यायला गेली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुझं काही चुकलं नाही. खरा आवाज हल्ली कुणालाच ओळखता येत नाही." ऋजुताने नेहमीसारखी मान हलवली.

त्या गेल्यावर ती आईच्या टेबलाशी उभी राहिली.

"खात्री न करता धावत आले तर तू रागावशील, असं वाटलं," ती म्हणाली. "आवाज मी ओळखला होता, आई."