गोमाजीचं पांढरं फूल

गोमाजीच्या पत्राला भिकाजीने उत्तर दिलं नव्हतं. दोन वर्षं होऊन गेली. आज सकाळी खिडकीतल्या ऑर्किडला जांभळं फूल दिसलं, आणि आनंदाच्या आधी ते पत्रच आठवलं.

निवृत्त झाल्यावर दोघांनी महामार्गावरच्या रोपवाटिकेतून मिळून एक ऑर्किड घेतलं होतं. फुलाचा रंग विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हता. गोमाजीने त्याचे दोन तुकडे केले. एक महाडला भिकाजीकडे राहिला, दुसरा तो आपल्या गावी, कापड्याला घेऊन गेला. ज्याचं आधी फुलेल त्याने रंग कळवायचा. गोमाजीला फोनवर ऐकू येत नसे, त्यामुळे कळवायचं ते पत्रानेच.

मग पत्र आलं. ‘माझं फुललं. पांढरं शुभ्र. तुझंही फुलेल, धीर सोडू नकोस.’

भिकाजीचं फुललं नव्हतं. पाणी जास्त होतंय की कमी, पुस्तकं चाळूनही कळेना. आपल्या हाताला काही जमत नाही, हे मित्राला काय लिहायचं? लाजेने त्याने कापड्याला जाणंही सोडलं.

आणि आता हे जांभळं. एकाच झाडाच्या दोन तुकड्यांना दोन रंग येत नाहीत, एवढं त्याने वाचलं होतं. आपलंच काहीतरी चुकलं असणार.

दुपारी गोमाजीची सून श्रुतिका औषधं घेऊन परत जाताना डोकावली. आबांना, म्हणजे गोमाजीला, आता घरीच ठेवा, फार दिवस नाहीत, असं डॉक्टर म्हणाल्याचं तिने सांगितलं. भिकाजीने चाचरत पांढऱ्या फुलाची चौकशी केली.

“कसलं फूल, काका? आबांचं पहिल्याच पावसात कुजलं. म्हनले, भिकाजीला बोलू नको गो, तो आपलंपन उपटून टाकील.” तिची नजर खिडकीकडे गेली. “तुमचं आलं की. सांगू त्यांना?”

“नको. मी लिहितो.”

“मग लवकर लिवा. पोस्टमन दिसला की अजून मान वर करतात.”

एसटी चुकेल म्हणून ती निघाली. भिकाजीने एक कार्ड लिहिलं, फाडलं. दुसरं लिहिलं. पोस्टापाशी पोचला तेव्हा दुपारची टपालाची थैली निघून गेली होती. कार्ड वेळेत पोचेल असं त्याला वाटत नव्हतं. तरी त्याने ते पेटीत टाकलं.

‘गोमाजी, माझंही फुललं. तुझ्यासारखंच, पांढरं शुभ्र.’