खूण आली की सांगजो

जगदेवनं मिस्त्रीला फाटकातूनच परत पाठवलं. "घरचा ट्रक हाय, घरीच करतो," म्हणाला. मेडशीत सगळ्यांना नवल वाटलं. कॅमशाफ्ट बदलणं काही एकट्याचं काम नाही, आणि जगदेवच्या घरात दुसरं माणूस म्हणजे बायको, कस्तुराबाई. ती तर दहा महिन्यांपासून त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

जगदेवचा डाव नेमका तोच होता. नवा कॅम बसला की टॅपेटच्या फटी जुळवायला एकानं वर इंजनाशी बसायचं, दुसऱ्यानं खाली पुढच्या पुलीला पाना लावून इंजन हातानं फिरवायचं. पुलीवरची खूण खालच्यालाच दिसते. ती जागेवर आली की त्यानं 'आली' म्हणायचं, मगच वरच्याचा हात चालतो. सहा सिलिंडर, सहा वेळा. न बोलून जाते कुठं?

कॅम त्यानं एकट्यानंच बसवला. दोन दिवस लागले, बोटं सोलून निघाली. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात उभं राहून त्यानं हाक मारली, "निकीची माय, जरा येतं का? पाना धराले कोनी नाही."

कस्तुराबाई आली. पदर खोचला आणि पुलीसमोर बसली. जगदेव पोरासारखा टुणकन वर चढला.

"खूण आली की सांगजो."

पाना फिरला, थांबला. खालून आवाज आला, टण्. तिनं बाजूचा दगड उचलून बंपरवर वाजवला होता. त्यानं खाली उतरून पाहिलं. खूण बरोबर जागेवर होती.

"तोंडानं सांगतलं तं काय दात पडतीन?"

दुसऱ्या वेळीही टण्. तिसऱ्या वेळी तो मुद्दामच म्हणाला, "नाही आली अजून, फिरव." आधीची कस्तुरा असती तर तिथल्या तिथं ऐकवलं असतं, 'डोये फुटले काय तुमचे?' आता ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. पाना केसभर हलवला नाही.

"कायले येवढं करून राह्यली वं? माणसाचा जीव जाईन ना!"

खरंच जात होता. लेकीनं, निकितानं, धनजच्या अनुपशी जातीबाहेर लग्न केलं, जगदेवनं चारचौघांत 'पोरगी मेली' म्हणून सांगून टाकलं, आणि त्या दिवसापासून कस्तुराबाईनं तोंड मिटलं. भाकर वेळेवर मिळायची, चहा मिळायचा. घर मात्र त्याला खायला उठायचं.

सहा ठोके झाले. दुपारी त्यानं चावी फिरवली. इंजन पहिल्याच झटक्यात सुरू झालं, कुठं खडखड नाही.

"पाह्यलं? तुह्याच्यानंच झालं हे!" तो खिडकीतून ओरडला.

कस्तुराबाई टाक्यावर हात धुऊन आत गेली आणि पिशवी घेऊन बाहेर आली.

"निकीले सातवा लागला," ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "मी धनजले चालली. बाळंतपण होयेपर्यंत तठीच राहीन."

इतक्या महिन्यांनी ती बोलली, तर हे! जगदेव घाईघाईनं खाली उतरला.

"यष्टीत धक्के खात काहून जातं? ट्रक हाय ना. मी सोडतो तुले."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. किती दिवसांनी पाहिलं! पिशवी खाली ठेवली.

"दारापर्यंत?"

जगदेव चिंधीनं बोटं पुसू लागला. एक पुसलं, दुसरं पुसलं.

"फाट्यापर्यंत सोडतो," तो म्हणाला. "तठून गाव काही लांब नाही."

कस्तुराबाईनं पिशवी उचलली.

"फाट्यापर्यंत यष्टीबी सोडते."